खरकटं कोण काढणार?

गेल्या कार्तिकात अमरावतीहून टेम्पोत घालून मी कौंडण्यपूरला एक डिशवॉशर आणला. नवा नव्हे. साधारण माझ्या आईच्या वयाचा, अमेरिकन, कंबरेएवढा उंच, खाली चार चाकं, वर लाकडी झाकण. रंग शेवाळी. त्या काळात अमेरिकेतल्या फ्रिजपासून कमोडपर्यंत सगळं या रंगात मिळायचं आणि तिकडे त्याला अवोकाडो म्हणायचे. आमच्या आळीत अवोकाडो कोणी पाहिलेला नाही. आईनं टेम्पोतून उतरणाऱ्या त्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

व्याह्यानं नाही, आत्याबाईंनी. वडिलांच्या चुलत आत्या. त्यांचे यजमान सत्तरच्या दशकात अमेरिकेत इंजिनिअर होते. परत येताना घरसामान लाकडी खोक्यांत भरून जहाजानं आलं, त्यात हाही आला. अमरावतीच्या घरात तो एकदाही चालला नाही. कोठीच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यांमागे, वर चादर आणि चादरीवर लोणच्याच्या बरण्या, अशी त्याची चाळीस वर्षं गेली. आता घर पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत. भंगारवाल्यानं साडेतीनशे रुपये सांगितले होते. मी म्हटलं, मीच नेतो. सोबत त्याची माहितीपुस्तिकाही मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी कोरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे बिघडलं त्यात तिचा काही दोष नव्हता.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन आठवडे घरून काम करायची मुभा होती आणि तेवढ्यातच यात्रा येत होती. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीच्या काठावरचं. कार्तिकात इथे यात्रा भरते आणि प्रत्येक घरात पाहुण्यांच्या पंगती उठतात. भांड्यांचा ढीग बघायचा असेल तर हेच दिवस. म्हटलं, परीक्षा घ्यायची तर बोर्डाचीच घेऊ.

हा लेख त्या यंत्राची समीक्षा आहे. "भारतीय स्वयंपाकघरासाठी घ्यावा की घेऊ नये" छापाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच, तसला रिव्ह्यू नव्हे. पुस्तक वाचतो तसं मी ते वाचायचा प्रयत्न केला. कोणासाठी लिहिलंय, काय गृहीत धरलंय, कोणाला वगळलंय.

आधी चांगलं सांगतो, कारण या यंत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. त्यात कोड नाही. म्हणजे आहे, पण तो प्लास्टिकच्या चकत्यांवर कोरलेला आहे. दर्शनी बाजूला एक गोल बटण आणि त्याच्या मागे एक छोटी मोटर. ती मोटर खाचा असलेल्या चकत्या हळूहळू फिरवते. खाच आली की एक पट्टी खाली पडते आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. पुढची खाच आली की पंप चालू. मग कॉइल तापते. संपूर्ण प्रोग्रॅम बोटानं चाचपता येतो. पन्नास वर्षांत एकही अपडेट नाही. आमच्याकडे वीज जाते तेव्हा घरातल्या इन्व्हर्टरपासून माझ्या लॅपटॉपच्या राउटरपर्यंत सगळे आपापली रडगाणी गातात. हा नुसता थांबतो. वीज आली की जिथे होता तिथून पुढे. कुठपर्यंत आलो होतो हे लक्षात ठेवण्यासाठी आम्ही लोक डेटाबेस बांधतो, याला चकती जिथे थांबली तिथे थांबणं पुरतं.

फक्त चकती उशिरा फिरते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ही टायमरची मोटर विजेच्या तालावर चालते, त्यामुळे आपल्याकडे ती सहातले पाचच पाय टाकते. पुस्तिकेतला एक तासाचा प्रोग्रॅम आमच्या घरी बहात्तर मिनिटांचा झाला. व्होल्टेजचा प्रश्न वेगळा. त्यासाठी दोनशे तीसचे एकशे दहा करणारा जडशीळ ट्रान्सफॉर्मर अमरावतीहूनच आणला होता. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी दुर्लक्ष केलं, त्याबद्दल पुढे.

खरी गंमत पाण्याची. हे 'पोर्टेबल' यंत्र. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, ज्यांना ओटा फोडून पाइप टाकता येत नाही त्यांच्यासाठी बनलेलं. जेवणं झाली की ढकलत सिंकपाशी न्यायचं, नळाला एक जोड लावायचा, त्याच जोडातून गरम पाणी आत आणि घाण पाणी बाहेर. काम झालं की परत कोपऱ्यात. कल्पना सुंदर आहे. तिला फक्त एक नळ लागतो, ज्यातून गरम पाणी जोरात येतं.

पुस्तिकेनुसार पाण्याचा दाब किमान वीस पीएसआय हवा. हिशेब केला तर टाकी नळापासून चौदा मीटर उंच पाहिजे. आमच्या घरावरची टाकी चार मीटरवर आहे. चौदा मीटरसाठी ग्रामपंचायतीची टाकी घरात आणावी लागली असती. त्यात या जुन्या यंत्रांना पाणी किती आलं ते कळत नाही, किती वेळ आलं एवढंच कळतं. ठरलेला वेळ व्हॉल्व्ह उघडा राहतो, मग बंद. दाब पुरेसा असला तर तेवढ्यात दहाएक लिटर आत येतं. आमच्याकडे दोन-अडीच लिटर आलं, आणि खालचा फिरता फवारा तहानलेल्या बैलासारखा हवा ओढत राहिला.

मग उपाय काय? झाकण उघडायचं आणि बादलीनं पाणी ओतायचं. न्हाणीतल्या चुलीवर हंडा तापत ठेवायचा, आणि बहात्तर मिनिटांत चार वेळा, चकतीचा टक् असा आवाज आला की धावत जायचं. एकूण चाळीसेक लिटर. आई तेवढीच भांडी दोन घमेल्यांत घासते-विसळते तेव्हा किती पाणी लागतं ते मी मोजलं, बावीस लिटर.

नाथांच्या घरी पांडुरंग श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. जनाबाईसोबत त्यानं दळलं, कांडलं. मराठी माणसाच्या कल्पनेतलं घरकामाचं यंत्र कोणतं म्हणाल तर मला तेच वाटतं, विटेवरून उतरून न बोलता कामाला लागणारा देव. रुक्मिणीच्या माहेरचा असल्यामुळे एक तक्रार इथेच नोंदवतो. जनीला त्यानं मदत केली, नाथांना केली, पण आमच्या लेकीला घरकामात हातभार लावल्याची एकही कथा मी आजवर ऐकलेली नाही. असो. सांगायचं हे, की त्या तीन आठवड्यांत श्रीखंड्या मी होतो आणि नाथ ते शेवाळी खोकं. पहिल्याच दिवशी आई दारात उभं राहून म्हणाली, "बापू, हे मशीन भांडे घासते, का तू मशीनले घासत बसतं?"

आता जाळीबद्दल. डिशवॉशरमध्ये वाचण्यासारखं सर्वांत जास्त काही असेल तर ती जाळी, म्हणजे भांडी लावायचा रॅक. वाक्यात जशी कर्ता-कर्म-क्रियापदाची जागा ठरलेली, तशी इथे प्रत्येक वस्तूची. खालच्या जाळीत उभ्या दांड्या, दोन दांड्यांमध्ये बोटभर फट. चपटी बशी बरोबर बसावी अशी. वर कप आणि ग्लास. कोपऱ्यात चमच्यांची टोपली. पुस्तिकेत क्षमता 'आठ माणसांची' दिली आहे, आणि एका माणसाचं म्हणजे काय तेही ठरलेलं आहे. एक मोठी बशी, एक छोटी, एक बाउल, कपबशी, ग्लास, काटा, सुरी, चमचे. जेवण काय असतं याबद्दलचं ते एक ठाम मत आहे. जेवण चपटं असतं, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि शिजवलेली भांडी हा बशांच्या मानानं किरकोळ भाग असतो.

आमच्या यात्रेच्या दिवशीचं जेवण: पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, पोळ्या, भात, पुरण. भांडी: दोन कोपर, तीन गंज, कढई, तवा, झारा, सराटा, चरवी, गडवे, आणि मग ताटं-वाट्या. (पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: कोपर म्हणजे तुमची परात, गंज म्हणजे पातेलं, सराटा म्हणजे उलथनं. सांभार म्हणजे काय ते आता सांगत बसत नाही.) ताटाला काठ असतो, त्यामुळे ते दांड्यांमध्ये तिरकं अडकतं आणि शेजारच्या दोघांची जागा खातं. वाटी खोल, ती पालथी घातली की दांडीवर डुलते, उताणी ठेवली तर रश्श्याचं पाणी साठवून बसते. कोपर तर आतच जात नाही. आठ माणसांच्या यंत्रात आमची चार ताटं आणि नऊ वाट्या बसल्या, आणि कष्टाचं जे होतं ते सगळं, तळाला लागलेला गंज, पुरणाची कढई, बाहेरच राहिलं.

जे आत गेलं त्याचंही ऐका. जर्मनचं एक लहान गंज मी हट्टानं घातलं. बाहेर आलं तेव्हा काळंठिक्कर. डिशवॉशरची पावडर कडक अल्कली असते, ती ॲल्युमिनियमवरचा थर खाऊन टाकते. हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. पितळेचा गडवा मळकट झाला. तवा मात्र चकचकीत निघाला आणि तिथेच खरा अनर्थ झाला. वर्षानुवर्षं तेल पिऊन झालेला त्याचा काळा थर निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर गंज चढला (हा गंज सर्वांचा, तांबडा). त्या आठवड्यातल्या साऱ्या भाकरी चिकटल्या. आई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

स्टीलची ताटं मात्र निर्मळ निघाली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा पापुद्रा होता, पण तेलकटपणा शून्य. इतकी स्वच्छ की ताटांमागे कोरलेली नावं मी पहिल्यांदा वाचली. कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणती तारीख. एका वाटीवर ज्यांचं नाव आहे त्यांच्याशी आमचं पंधरा वर्षांपासून बांधावरून भांडण चालू आहे. आईला हे सगळं पाठ होतं. ती रोज घासते.

हे यंत्र आलं कुठून, हे बघायला गेलो तर गोष्ट वेगळीच निघाली. भांडी धुण्याचं हातानं फिरवायचं लाकडी यंत्र १८५०मध्येच अमेरिकेत जोएल हॉटन नावाच्या माणसानं पेटंट केलं होतं. ते चाललं नाही. चालणारं यंत्र बनवलं जोसेफिन कॉक्रन या बाईंनी. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या, खात्यापित्या घरच्या. घरात नोकर होते. त्यामुळे त्यांचा त्रास भांडी घासण्याचा नव्हताच. नोकर घासताना पिढीजात चिनीमातीच्या बशांचे टवके उडवायचे, हा त्यांचा त्रास, असं सांगतात. पुढे नवरा गेला, मागे कर्ज उरलं, आणि हौसेचं रूपांतर धंद्यात झालं. पेटंट २८ डिसेंबर १८८६चं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यात, म्हणजे विवेकानंदांनी भाषण केलं त्याच वर्षी आणि त्याच शहरात, या बाईंची यंत्रं उपाहारगृहांची भांडी धूत होती. गिऱ्हाइकंही हॉटेलंच मिळाली. घरांनी घेतलं नाही, कारण यंत्र महाग होतं आणि बहुतेक घरांत त्याला पुरेल इतकं गरम पाणी नव्हतं. (हे वाचून मला फार बरं वाटलं.) १९१३मध्ये त्या वारल्या. पुढे त्यांची कंपनी होबार्टनं घेतली, आणि किचनएड या नावाखाली त्यांच्या यंत्राचा वंश घराघरांत शिरला.

म्हणजे मुळात हे यंत्र श्रम वाचवायला बनलं नव्हतं, बशा वाचवायला बनलं होतं. हे एकदा कळलं की जाळीचा अर्थ लागतो. त्या मऊ प्लास्टिकचा लेप दिलेल्या दांड्या, प्रत्येक बशीला शेजारणीपासून राखलेलं अंतर, कपांना वरचा, धक्का न लागणारा मजला. सगळी रचना नाजूक वस्तूला सांभाळणारी आहे. आणि आमच्या घरी तर सगळं स्टील, जे जिन्यावरून पडलं तरी फक्त शेजारी जागे होतात.

सगळं म्हणजे, एक वस्तू सोडून.

यात्रेच्या दिवसांत आणि लग्नकार्यात आमच्याकडे भांडी घासायला एक काकू येतात. मी लहान असल्यापासून येतात. नाव लिहीत नाही. त्यांच्या चहाचा कप पडवीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असतो. पांढरा, चिनीमातीचा, निळी कड, कान अर्धा तुटलेला. आम्ही सगळे स्टीलच्या कपांतून आणि काचेच्या ग्लासांतून चहा पितो. घरातली चिनीमातीची वस्तू ती एकच. तो कप कोनाड्यात का असतो हे मला कोणी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तुम्हालाही सांगायची गरज नसावी.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाळी भरत होतो. वरच्या मजल्यावर स्टीलचे कप काही केल्या बसत नव्हते, घरंगळत होते. कोनाड्यात तो कप दिसला. ठेवून पाहिला. तंतोतंत बसला, जणू जाळी त्याच्याच मापानं वाकवली होती. मी काही क्रांती वगैरे करत नव्हतो. एका इंजिनिअरला एक वस्तू मापात बसलेली बघून होतो तो आनंद मला झाला होता, एवढंच. झाकण लावलं, बटण फिरवलं.

आजीनं ते पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. रात्री पंगत बसली, आईनं तिच्यापुढे त्याच धुतलेल्या ताटांपैकी एक ठेवलं. आजीनं ताट सरकवलंही नाही. तिनं फक्त भाकर तळहातावर घेतली, त्यावर भाजी घातली, आणि तशीच हातावर जेवली. चौदा जणांची पंगत होती. प्रत्येकाला दिसलं आणि प्रत्येकानं आपल्या ताटात पाहिलं.

भांडं 'स्वच्छ' आहे की नाही, हे यंत्राच्या भाषेत तापमान, वेळ आणि अल्कली यांच्यावर ठरतं. मराठीत या बाबतीत आणखी तीन शब्द आहेत, खरकटं, उष्टं आणि विटाळ. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन आहे, बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचा तो हट्ट, ते शाळेत असताना आम्ही विनोदी म्हणून वाचलं होतं. ते विनोदी आहेच. पण धुणं ही क्रिया आपल्याकडे कधीच फक्त मळ काढायची नव्हती, हेही त्यात आहे. आमच्या यंत्राला खरकटं कळतं, कारण ते फवाऱ्याच्या छिद्रात अडकतं. बाकीच्या दोन शब्दांसाठी त्या चकतीवर खाच नाही. यंत्राच्या बाजूनं मला सर्वांत मोठी गोष्ट कोणती सांगायची असेल तर ती ही. पण ती यंत्राची आहे, आमची नाही. आम्ही लगेच ती खाच पाडून घेतली. दुसऱ्या दिवशी आजीचं ताट-वाटी आई वेगळं, हातानं घासू लागली.

आणि काकू? त्या सकाळी आल्या, चहाची वेळ झाली, कोनाड्यात पाहिलं. "माहा कप कुठी हाय?" मी म्हटलं, "काकू, आत आहे, साऱ्यांच्या कपांत. कोणताही घ्या ना." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहीरच असू द्या बापू. मले शोधाले लागते." मी आतून तोच कप आणून दिला. माझ्याजवळ दुसरं काही सुचायला हवं होतं, सुचलं नाही. त्यांनी चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. मग मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे आता पुढच्या साली बी राहीन का?" त्यांना यात्रेचे पैसे मिळतात. प्रश्न साधा हिशेबाचा होता.

पुण्यात हा हिशेब रोजचा आहे. २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी कामवाल्या मावश्यांना गेटवर अडवलं आणि एकाएकी डिशवॉशरची मागणी वाढली. तोवर इथल्या बाजारात ती वस्तू वर्षानुवर्षं रांगत होती. आता भारतासाठी बनवलेल्या यंत्रांत कढईसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, जाळीच्या दांड्या आडव्या पडतात, पाणी दहाएक लिटरच लागतं. यंत्र म्हणून ती माझ्या शेवाळी खोक्यापेक्षा सर्व बाबतींत सरस आहेत. पण त्यांची जाहिरात कोणाच्या गैरहजेरीवर चालते ते बघा. याच पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्टीसाठी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००८मध्ये. अठ्ठावीस वर्षं. आमच्या फ्लॅटवरच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत की आम्ही चौघं इंजिनिअर कागदी प्लेट मागवतो.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे १९८३चं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की घरगुती यंत्रांनी घरातल्या पुरुषांचं, मुलांचं आणि नोकरांचं काम वाचवलं. आईचं काम तसंच राहिलं, उलट वाढलं. चुलीच्या जागी शेगडी आली तेव्हा लाकडं फोडणं वाचलं, ते पुरुषाचं काम होतं. रांधणं तसंच. वाचताना मी मान डोलावत होतो, पण वऱ्हाडात बसून मला एक अपवाद दिसतो, तो म्हणजे पिठाची गिरणी. तिनं बाईचंच काम नेलं, आणि समूळ नेलं, घराबाहेर, इंजिनवर. मागे ओव्या उरल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या म्हणून त्या तरी राहिल्या. भांडी घासण्याची ओवी मात्र मला आठवत नाही. दळणाला लय आहे आणि पहाटेचा निवांतपणा. भांड्यांना नुसता आवाज, पाठीत कळ, आणि संपवून निजायची घाई. साहित्यानं ज्या कामाकडे पाहिलं नाही त्याच्याकडे यंत्रवाल्यांनी पाहिलं, हेही काही कमी नाही.

आणि एक गोष्ट या पुस्तकाच्या हिशेबात मला बसवता येईना. आमच्या घरी हे यंत्र आलं आणि पुरुष न्हाणीपाशी आले. वडील आले, काका आले, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा शेजारचा दादा आला. रोज संध्याकाळी खोक्याभोवती चौघं-पाचजण. व्हॉल्व्ह उघडून बसले. वडिलांनी शिडीच्या वरच्या पायरीवर पिंप बांधून दाब थोडा वाढवला. जाळी भरणं तर त्यांनी अंगावरच घेतलं. कापसाची ट्रॉली भरावी तसं, पोकळी दिसली की तिथे वाटी. सत्तावन्न वर्षांच्या या माणसानं आयुष्यात प्रथमच खरकटं हातानं काढलं, ते न सांगता, कारण फवाऱ्याचं छिद्र बुजतं. पुरण कढईला कुठे चिकटतं, रस्सा वाळला की कोणत्या काठाला पकडतो, हे त्यांना आता माहीत आहे. भांडी घासणं हे काम त्यांनी केलं नसतं. मशीन चालवणं हे काम होतं. आई ओट्यापाशी पाटावर बसून हे बघायची. ती हसत होती की नाही ते मला नीट सांगता येणार नाही. यंत्र नीट चाललं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. पुस्तिकेतल्या चित्रात जसं आहे तसंच झालं असतं, बाई हसतमुखानं बटण दाबते आणि नवरा चित्रात नाहीच.

सतराव्या दिवशी मोटर जळली. ५० हर्ट्झवर ६० हर्ट्झची मोटर चालवली की तिच्या लोखंडात चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त भरतं, ती प्रवाह जास्त ओढते आणि तापत जाते. दुसऱ्या वर्षाला शिकवतात हे. आधी तारेचा गोड जळका वास आला, मग गुरगुर, मग काही नाही. आत गढूळ पाण्यात चार ताटं. वडील म्हणाले, "गेलं." हात धुतले आणि टीव्ही लावला. त्या संध्याकाळी भांडी आईनं घासली.

आमच्या गावाच्या टेकाडावर पावसाळ्यानंतर खापरं वर येतात. काळी-तांबडी, पातळ, जुनी. साठच्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं होतं, त्याचा अहवाल १९६८चा आहे. उत्खननात निघालेलं खापर आधी धुवावं लागतं, ब्रशनं, टबात. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाचं तरी राहून गेलेलं काम. शाळेत असताना आम्ही ती खापरं वेचून नदीत भाकऱ्या खेळायचो.

मशीन आता न्हाणीबाहेर उभं आहे. लाकडी झाकणावर आई कणीक मळते, उंची बरोबर येते म्हणते. जाळ्या बाहेर काढून तिनं भिंतीला टांगल्या आहेत, धुतलेली भांडी निथळायला. मोटरचं वेटोळं पुन्हा भरून मिळेल असं ट्रॅक्टरवाला दादा म्हणतो, पण वडिलांनी पुन्हा विषय काढलेला नाही.

परवा फोनवर आईला विचारलं, वरच्या जाळीत काय ठेवतेस? म्हणाली, कप. मी विचारलं, कोणते? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी इथंच बसली हाय. मंग बोलू."